मैदानावर कुणी बोलायचं नाही

२९ जून, रविवार

सोयगावहून आत्ताच घरी आलो. एसटीनं पाठीचे सांधे सैल केले, पण तक्रार नाही. आयुष्यभर कॉलेजात खेळ शिकवले, येत्या मे महिन्यात निवृत्ती, आणि हाती काहीतरी घेऊन घरी आलो असं आज पहिल्यांदा वाटलं.

मुलीचं नाव प्रांजली. बारावी झाली. व्हॉलीबॉलमध्ये लिफ्टर, म्हणजे दुसऱ्या स्पर्शाला चेंडू जिच्या हातात जातो आणि तो कुणी मारायचा हे जी ठरवते, ती. राज्य शालेय स्पर्धेत यंदा उत्कृष्ट लिफ्टरचं बक्षीस हिलाच मिळालं. शहरातली आणखी दोन कॉलेजं तिच्या मागे होती. त्यांची माणसं फोन करत बसली, मी थेट गावी गेलो.

गावाबाहेर पांढरीच्या मातीचं मैदान, स्वतः पाणी मारून दाबलेलं. जाळी म्हणजे मेंढरं कोंडायची वाघर, दोन बाभळींना बांधलेली. त्यावर या मुली खेळतात. प्रांजलीबरोबरच्या पाच जणी तिच्या चुलत-मामे बहिणीच, खेळायला साधारण. आणि काय तो गोंगाट! चेंडू वर गेला की पाचही जणी एकदम, "मला दे गं टवळे!", "मागं, मागं!", "झोपली का म्हशे?" बांधावर दोन म्हाताऱ्या बसलेल्या, त्याही ओरडत होत्या. नुसती कावळ्यांची शाळा. आणि त्यात ही मुलगी मान किंचित कलती करून जाळीकडे पाठ असताना असा चेंडू उचलायची की मारणारीला फक्त हात खाली आणायचं काम. मी फोनवर सगळं टिपून घेतलं. मनात म्हटलं, या बाजारात ही एवढी खेळते, तर शांत, शिस्तीच्या मैदानावर काय करेल!

वडील सोनाजी कमी बोलणारे. आई म्हाळसाबाईंनी शेळीच्या दुधाचा चहा दिला. म्हणाल्या, "सर, हिला एकटं जेवायची सवय नाय. तेवढं बघा."

मी म्हटलं, खोली स्वतंत्र देऊ, काळजी नको.

सोनाजी म्हणाले, "दिवाळीपर्यंत बघू. पोर रमली तं राहील. नाय तं दिवाळीनंतर आमी कळप घेऊन खाली केळीच्या पट्ट्यात जातो, शेतात खतासाठी मेंढ्या बसवायला, तवा येईल आमच्यासंगं. तिच्या भावाला, हनुमानला, एकट्याला आवरत नाय."

म्हणजे दिवाळीच्या आत एक ठसठशीत विजय दाखवायला हवा. दाखवू.

घरी चंद्रकलाला व्हिडिओ दाखवला. तो कलकलाट ऐकून बायकोचं डोकं उठू नये म्हणून आवाज बंद करून दाखवला. म्हणाली, "गोड आहे हो पोर."

१४ जुलै, सोमवार

आज प्रांजलीचा सत्कार. प्राचार्यांनी स्वतः शाल-श्रीफळ दिलं, फेटा बांधला. फेटा मोठा होऊन डोळ्यांवर येत होता, फोटो काढताना तिनं एका हातानं तो धरून ठेवला. गेटवर फ्लेक्स लागला आहे, 'सोयगावची वाघीण आपल्या महाविद्यालयात'. फ्लेक्सवाल्यानं माझाही फोटो कोपऱ्यात टाकला, मी काही सांगितलं नव्हतं. पण बरा आलाय.

संघातल्या मुलींना मैदानावर उभं करून बजावलं, "ही मुलगी आपल्याकडे आली हे आपलं भाग्य. हिला मान द्यायचा. हिला कुणी टोचून बोललं तर माझ्याशी गाठ आहे."

कर्णधार मोनिका म्हणाली, "आम्ही कशाला बोलू सर?" मोनिका शहराजवळच्या करमाडचीच, तिसऱ्या वर्षाला. आतापर्यंत लिफ्टर तीच होती. तिला सांगितलं की आता तू स्मॅशर. चेंडू उचलण्यापेक्षा मारायला जास्त मजा येते, हेही सांगितलं. ती "हो सर" म्हणाली. समजूतदार पोरगी.

१७ जुलै, गुरुवार

आज पहिला सराव. मुली जाळी बांधत होत्या, रेषांवर फक्की टाकत होत्या. प्रांजलीही लगबगीनं दोरी ओढायला गेली. मी थांबवलं. "तू बस. तुझे हात जपायचेत." बाकावर बसवली. ती सगळ्यांकडे बघत बसून राहिली. मग कुणी पाणी नेऊन दिलं, कुणी टॉवेल. पाहून बरं वाटलं. गुणी माणसाची कदर करणारा संघ आहे माझा.

सराव संपल्यावर ती जवळ आली. बराच वेळ बुटाच्या नाडीशी खेळली, मग म्हणाली, "सर, पोरींनी खेळताना बोललं तं चालंन का?"

मी हसलो. म्हटलं, "बोलणं जेवताना. इथं खेळ."

खेड्यातली मुलं बोलकी असतात. होईल सवय.

१८ जुलै, शुक्रवार

कालच्या तिच्या प्रश्नानं एक गोष्ट सुचली. खरंच, मैदानावर किती बडबड चालते आमच्या! निखत तर सारखी चालू. ती सिटी चौकाजवळची, उंच, आमची सगळ्यांत जोरकस स्मॅशर. चेंडू वर जायच्या आत हिचं "मेरे कू दे गे, मेरे कू दे" सुरू. अशात प्रांजलीचं चित्त कसं एकाग्र व्हावं?

आजपासून नियम केला. चेंडू खेळात असताना मैदानावर कुणी बोलायचं नाही. प्रांजलीला जसं सुचेल तसं ती देईल, इतरांनी फक्त तयार राहायचं.

निखत म्हणाली, "सर, मेरा तो दम घुट जाएगा."

"नाक आहे ना श्वास घ्यायला?"

"हौ सर, नाक है."

संध्याकाळी पूर्ण सराव शांततेत झाला. नुसते बुटांचे आणि चेंडूचे आवाज. देवळात बसल्यासारखं वाटलं. आयुष्यभर असा संघ हवा होता मला.

२ ऑगस्ट, शनिवार

अभय सरांच्या कॉलेजबरोबर सरावाचा सामना. अभय सर वयानं माझ्याहून लहान, पण अनुभवी, आणि गोड बोलून चिमटा काढण्यात पटाईत. हरलो. हरायचं दुःख नाही, पण प्रांजलीचे चेंडू भलतीकडे गेले. जिथं कुणी नाही तिथं. एकदा तर मोनिका डावीकडे हात वर करून उभी आणि चेंडू उजवीकडे मोकळ्या हवेत.

विशेष म्हणजे चेंडू येतो तेव्हा ही क्षणभर थांबते. मान कलती करते आणि थांबते. कुणाची तरी वाट बघितल्यासारखी. तेवढ्यात उशीर होतो.

अभय सर चहा पिता पिता म्हणाले, "कडुबा सर, शालेय बक्षीस म्हणजे साखरपुडा हो. संसार वेगळा."

मी म्हटलं, "आत्ता तर माप ओलांडलंय पोरीनं."

पण चहा कडू लागला.

९ ऑगस्ट, शनिवार

विचार करून कारण सापडलं. बूट. गावाकडे ती अनवाणी मातीत खेळायची, इथं बूट घालून. पायाला मैदान कळत नसणार. औरंगपुऱ्यात जाऊन चांगले, हलके बूट घेऊन दिले. तिनं पिशवीत जपून ठेवले, खोलीवरून मैदानापर्यंत चपलेवर येते आणि इथं आल्यावर बूट घालते. विचारलं तर म्हणाली, "मळतील."

२१ ऑगस्ट, गुरुवार

बुटांनी फरक नाही. आता जेवण. मेसचं तिला सोसत नसेल असा अंदाज. चंद्रकलानं आज बाजरीची भाकरी, ठेचा, तुरीचं वरण दिलं. डबा घेऊन हॉस्टेलवर गेलो तर सगळ्या मुली एका टेबलाशी खिदळत होत्या आणि ही दुसऱ्या टेबलावर एकटी. मी मुलींना विचारलं, "हिला जागा नाही का देत?"

मोनिका म्हणाली, "तसं नाही सर. आम्हीच तिच्यासाठी टेबल मोकळं सोडतो. तुम्हीच म्हणालात ना, मान द्यायचा."

बरोबर आहे. शहाण्या आहेत पोरी.

प्रांजलीनं दोन्ही भाकरी संपवल्या. म्हणाली, "काकूंच्या हाताला चव हाये." मग विचारलं, "सर, काकू तुमच्यासंगं जेवायला बसत्यात का?"

म्हटलं, हो, आणि तोंडाचा पट्टा चालू असतो. ती हसली. पण हसू ओठांवरच थांबलं.

३० ऑगस्ट, शनिवार

गणपतीत सराव कमी. घरी बसून सोयगावचा व्हिडिओ परत परत पाहिला. आवाज बंदच ठेवला, नीट निरीक्षण करता यावं म्हणून. तेच हात, तीच मान, तीच चपळाई. फरक काहीच दिसत नाही. तिथं तिला सगळं दिसतं, इथं काहीच दिसत नाही. असं कसं?

चंद्रकला म्हणाली, "दृष्ट लागली असेल. एवढा मोठा फ्लेक्स कशाला लावायचा गेटावर?"

माझा असल्या गोष्टींवर विश्वास नाही. पण फ्लेक्स तसाही वाऱ्यानं फाटला होता, काढायला सांगितला.

६ सप्टेंबर, शनिवार

ती मान कलती करते यावर विचार करताना एकदम लक्षात आलं, कानाचा प्रश्न असणार! एका कानानं कमी ऐकू आलं की माणूस असंच करतो. आमच्या शेजारचे गोकुळराव करतात.

तडक कानाच्या डॉक्टरांकडे नेली. त्यांनी तिला काचेच्या खोलीत बसवून यंत्र लावलं. बाहेर येऊन म्हणाले, "सर, असे कान मी वर्षात एखाद-दुसरे बघतो. शेजारच्या खोलीत घड्याळ आहे ते ऐकते ही."

प्रांजली म्हणाली, "मेंढरामागं राहून व्हतंय तसं. आंधारात कोणचं कोकरू कुठं वरडतंय, ते कळावं लागतं."

म्हणजे कान उत्तम. हेही कारण गेलं. डोळे तपासून घेऊ.

८ सप्टेंबर, सोमवार

डोळेही उत्तम.

१९ सप्टेंबर, शुक्रवार

प्राचार्यांनी बोलावलं. "कडुबा सर, तुमची वाघीण काय म्हणते?" मी म्हटलं, रुळतेय. ते म्हणाले, विभागीय स्पर्धा आठ ऑक्टोबरला, बाद पद्धत, पहिलाच सामना अभय सरांच्या कॉलेजशी. लिफ्टर म्हणून मोनिकाला परत आणायचं का याचा विचार करा.

विचार केला. मोनिका वाईट नाही. धोपटमार्गी, भरवशाची. तिला आणलं तर आपण कदाचित हरणार नाही. पण मग प्रांजली बाकावर बसेल, आणि दिवाळीला सोनाजी तिला घेऊन जातील. कॉलेज सुटलं म्हणजे सुटलं. मेंढ्यांमागं एकदा गेलेली पोर परत वर्गात बसल्याचं मी तरी पाहिलेलं नाही.

मोनिकालाच विचारलं. तिनं हातातला चेंडू दाबून हवा पाहिली. मग म्हणाली, "सर, एक सांगू? आम्हाला ती खेळताना कळतच नाही. काही बोलत नाही, आम्हीही बोलत नाही. भीती वाटते तिची."

"भीती? अगं, गरीब गाय आहे ती."

"तेच ना सर."

तेच काय, ते मला कळलं नाही. आजकालच्या मुलींचं बोलणं अर्धवट असतं.

२८ सप्टेंबर, रविवार

सोनाजींचा फोन. कळपाच्या मागून बोलत होते, मागं घंटा वाजत होत्या. "सर, पोर फोनवर लई गोड बोलती. सगळे लई मान देतात म्हणती. तिची माय रडायली."

मी म्हटलं, "मान देतात यात रडण्यासारखं काय?"

ते म्हणाले, "तेच मीबी म्हणलं." मेंढरांना एक हाळी दिली. मग, "आठ तारखेला येतो मी. सामना बघतो. हिचं गाठोडं बांधायला सांगू का?"

"आत्ताच नको."

"बरं."

फोन ठेवल्यावर मन लागेना. मैदानावर जाऊन उगाच जाळीच्या गाठी घट्ट केल्या.

४ ऑक्टोबर, शनिवार

आठवडाभर कसून सराव घेतला. मुली मध्येच बोलायच्या. निखतच्या तोंडून तर आपोआप निघतं, "इधर..." आणि मग हात तोंडावर. त्यामुळं मलाच दिवसभर ओरडावं लागलं, "शांत! शांत राहा!" संध्याकाळी घरी आलो तर घसा बसला. चंद्रकलानं हळदीचं दूध दिलं.

मोनिका की प्रांजली, लिफ्टर कोण ते ठरवलं. प्रांजलीच. हरलो तर माझ्या नावावर लावा. निवृत्तीला आलेल्या माणसाचं कोण काय वाकडं करणार?

७ ऑक्टोबर, मंगळवार

आवाज पूर्ण गेला. तोंड उघडलं की दाराची बिजागरी वाजावी तसं काहीतरी निघतं. डॉक्टर म्हणाले, आठ-दहा दिवस एक शब्द नाही.

हेच व्हायचं राहिलं होतं. चंद्रकला मात्र म्हणाली, "घरात कशी शांतता आहे."

८ ऑक्टोबर, बुधवार

सगळं नीट क्रमानं लिहितो, कारण डोकं अजून भिरभिरतंय.

सोनाजी सकाळीच आले. डोक्याला पांढरं पागोटं, खांद्यावर घोंगडी, हातात रिकामी पिशवी. पिशवी कशासाठी ते विचारायची गरज नव्हती. मैदानाच्या पायऱ्यांवर सगळ्यांत वर जाऊन बसले. प्रांजलीनं खालून हात केला, त्यांनी मान हलवली.

मुलींना मी खुणेनंच सांगितलं. ओठांवर बोट. समजलं त्यांना.

तीन सेटचा सामना. पहिला सेट आम्ही अगदी शिस्तीत खेळलो आणि अगदी शिस्तीत हरलो. पंचवीस-बारा. अभय सरांच्या मुली एकमेकींवर खेकसत होत्या, आमच्याकडे चकार शब्द नाही. प्रांजली चेंडूखाली जायची, मान कलती करायची, थांबायची. आणि चेंडू कुठंतरी. पायऱ्यांवरून कुणीतरी ओरडलं, "वाघीण झोपली का रे?" मी वर सोनाजींकडं बघितलंच नाही.

दुसरा सेट. पाच-नऊ मागं. आमच्या मागच्या मुलीनं चेंडू वाकडा घेतला, पार रेषेबाहेर. प्रांजली पळाली, आमच्याकडं पाठ. चेंडूखाली पोचली, आणि क्षणभर थांबली. मोनिका जाळीशी एकटी, मोकळी, उडी मारायच्या तयारीत. प्रांजलीनं चेंडू दिला तो नेमका उलट्या बाजूला. चेंडू जमिनीवर टप्पा खात गेला.

मोनिकाचा तोल गेला. तिनं पाय आपटला आणि खच्चून ओरडली, "अगं ए आंधळे! मी हितं मेले का? का अक्षता देऊन बोलवू तुला?"

सगळ्या मुली माझ्याकडं बघायला लागल्या. मी उठलो, मोनिकाला चांगलं झापायला तोंड उघडलं. घशातलं दार कुरकुरलं. बास, एवढंच. दुसऱ्यांदा प्रयत्न केला. तेवढंही नाही.

आणि प्रांजली हसली. पहिल्यांदा मला तिचे दात दिसले, पुढचा एक थोडा वाकडा आहे. मोनिकाला म्हणाली, "तुला तोंड हाये व्हय? मला वाटलं, मुकी हायेस. मग आधी का नाय वरडलीस गं भवाने?"

"सरांनी..." म्हणत मोनिकानं माझ्याकडं पाहिलं. मी पुन्हा ओठांवर बोट ठेवलं. पण आता त्या कुणी माझ्याकडं बघतच नव्हत्या.

पुढं जे झालं ते शिस्तीच्या दृष्टीनं लिहायला संकोच वाटतो. निखतचा बांध फुटला. "इधर दे गे भैंस! कब्से खडी मैं!" मोनिका, "मागं, मागं, अगं मागं म्हणते ना!" मागच्या मुली वेगळ्याच. आणि प्रांजली सगळ्यांत मोठ्यानं. कुणी बोललं नाही तर हीच डाफरायची, "बोला गं! मेल्या का समद्या?" पण चेंडू! पाठ फिरवून, पळता पळता, एकदा तर जवळजवळ बसून, चेंडू जाऊन पडायचा तो जी ओरडली तिच्या हातावर. निखतनं मारलेला एक चेंडू असा आदळला की अभय सरांच्या दोन मुली एकमेकींकडं बघत राहिल्या. दुसरा सेट आमचा. तिसराही आमचा.

मी पंचांकडं जाऊन हात जोडले, गोंगाटाबद्दल. ते म्हणाले, "कशाबद्दल सर?"

अभय सर येऊन म्हणाले, "काय तोंडाळ आहेत हो तुमच्या पोरी. इतके दिवस लपवून ठेवल्या होत्या का?" मी घशाकडं बोट दाखवलं.

खरं तर का जिंकलो ते मला नक्की सांगता येणार नाही. बूट आता पायाला बसले असतील. भाकरीचाही भाग असेल.

सगळं आवरल्यावर सोनाजी पायऱ्या उतरून आले. सामन्यातलं त्यांना काही कळलं नव्हतं, शेवटी कोण जिंकलं हेसुद्धा त्यांनी मलाच विचारलं. मी बोटानं आमच्या मुली दाखवल्या. जाळीपाशी त्या सहाही जणी दोरी सोडत होत्या. प्रांजलीही. निखत तिच्या पाठीत धपाटा घालून म्हणत होती, "ठीक से लपेट गे, तेरे बाप की जाली है क्या?" आणि ही म्हणत होती, "माझ्या बापाची चांगली ऱ्हाती, ही तं नुसती चिंधी हाये."

सोनाजी बराच वेळ ते ऐकत उभे होते.

मी खिशातून कागद काढून लिहिलं, 'काय ठरवलं?' मग आठवलं, त्यांना वाचता येत नाही. कागद परत खिशात घातला आणि नुसता त्यांच्याकडं बघत राहिलो.

ते म्हणाले, "सर, इतके दिवस मान देत व्हत्या म्हणती. मान पाव्हणीला देत्यात. पाव्हणी किती दिस राहील? आज शिव्या देत व्हत्या." त्यांनी रिकामी पिशवी नीट घडी करून काखेत मारली. "राहू द्या तिला. हनुमान आन् मी बघतो मेंढरांचं."

एवढं बोलून लेकीशी दोन शब्द बोलायला गेले. ती त्यांना म्हणाली, "आबा, हात लावा ना जरा, नुसते काय उभे राह्यलेत?" त्यांनी घोंगडी बाकावर ठेवली आणि खांबाला हात घातला.

१० ऑक्टोबर, शुक्रवार

काल उपांत्य सामना जिंकलो, आज अंतिम हरलो. चांगल्या संघाशी हरलो, चटका नाही. उपविजेते. प्राचार्यांनी पुन्हा सत्काराचं काढलं. मी हातानं नको नको केलं. सगळ्या संघाला मिळून एकदा मिसळ खाऊ घाला, असं लिहून दिलं.

१३ ऑक्टोबर, सोमवार

दुपारी चंद्रकला माझा फोन घेऊन बसली होती. तिनं सोयगावचा व्हिडिओ लावला, आणि आवाज चालू होता. मी जूनपासून तो किती वेळा पाहिला असेल, ऐकला मात्र आज. वाघरीच्या जाळीमागून त्या पाच बहिणींचा गलका, आणि त्या सगळ्यांच्या वर एकच आवाज सारखा, "बोला गं! बोला!"

चंद्रकला म्हणाली, "ही ओरडतेय ती प्रांजलीच ना? काय म्हणतेय सारखी?"

मला बोलता येत नव्हतं, म्हणून मी काही सांगितलं नाही. बोलता आलं असतं तरी काय सांगितलं असतं, याचा विचार करत चहा गार केला.

३ नोव्हेंबर, सोमवार

दिवाळीची सुट्टी संपली. प्रांजली गावाहून परतली, येताना सगळ्यांसाठी म्हाळसाबाईंच्या हातच्या कडक भाकरी आणि मिरचीचा ठेचा आणला. मुलींनी बाकावर बसूनच सगळं फस्त केलं. मला अर्धी भाकरी मिळाली, तीही मागून घ्यावी लागली.

सरावाला मी नेहमीच्या जागी खुर्ची टाकून बसलो. मैदानावर असा काही बाजार भरला होता की रस्त्यावरचे दोन रिक्षावाले थांबून बघायला लागले. निखतनं प्रांजलीला कुठल्या कुठल्या जनावराची उपमा दिली ते मी मोजायचं सोडून दिलं. मोनिकानं मध्येच माझ्याकडं पाहून विचारलं, "सर, घसा कसा आहे?" मी घशाला हात लावून मान हलवली. ती "अरेरे" म्हणाली आणि परत ओरडायला धावली.

घरी आल्यावर पायऱ्यांवरूनच चंद्रकलाला हाक मारली, पाणी दे म्हणून. ती बाहेर आली. म्हणाली, "अहो, आवाज खणखणीत झाला की तुमचा! कधी आला?"

म्हटलं, दिवाळीच्या आधीच. मुलींना सांगितलेलं नाही अजून.